शेवटचे बूच

पोलीस ठाणे, स्त्रावित्से
पुरवणी जबाब

नाव: रेनाता हुबाचकोवा. वय: ४४ वर्षे. व्यवसाय: माध्यमिक शाळेत शिक्षिका, विषय भूगोल. राहणार: वरची आळी, घर क्रमांक ११८, स्त्रावित्से, दक्षिण मोराविया.

मला कोणी बोलावलेले नाही. मी स्वतःहून ठाण्यात येऊन समक्ष सांगते की,

मी वरील पत्त्यावर माझी मुलगी योहाना, वय तेरा, आणि सासूबाई बोझेना हुबाचकोवा यांच्यासह राहते. माझ्या मागच्या जबाबात या ठिकाणी रादोवान हुबाचेक हे नावही होते. तो माझा नवरा. ब्र्नोच्या इस्पितळात त्याचा मृत्यू झाला तेव्हा मागचा जबाब नुकताच घेऊन झाला होता, त्यामुळे त्यात तो राहतो असे लिहिले गेले. ते आता दुरुस्त करावे.

मागच्या जबाबात मी पुष्कळ ठिकाणी ‘मला आठवत नाही’ असे म्हटले आहे. ते त्या वेळी तरी खरे होते का, याचा मी नंतर विचार केला. आठवत होते. मी तसे म्हणाले, कारण तेवढे बोलून जबाब संपत होता.

माझा दीर लुबोश हुबाचेक, वय ४१, व्यवसाय वाईन तयार करणे, राहणार खालची आळी, स्त्रावित्से, याने आपल्या जबाबात शेवटचे बूच आपण ठोकले असे सांगितले आहे. त्यावरून निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल होणार, असे त्याच्या वकिलाकडून मला कळले. ते बूच कोणी ठोकले, हे सांगायला मी आले आहे. पण नुसते नाव सांगून ते नीट कळणार नाही, म्हणून झाले ते क्रमाने सांगते.

आमच्या घराच्या मागे पोहण्याचा पूल आहे. तो रादोवानने योहाना लहान असताना बांधून घेतला. पूलला लागून लाकडी खोली आहे, तिच्यात पंप आणि वाळूचा फिल्टर आहे. फिल्टर म्हणजे कमरेएवढी प्लास्टिकची टाकी. तिला वरून झाकण असते आणि ते कड्याने आवळलेले असते. तिथून निघालेले नळ जमिनीखालून पूलच्या भिंतीपर्यंत जातात आणि तीन तोंडांतून पाणी पूलमध्ये सोडतात. हिवाळ्यात या नळांत पाणी राहिले तर ते गोठून नळ फुटतात. म्हणून दर वर्षी ऑक्टोबरमध्ये पूलचे पाणी तोंडांच्या खाली उतरवायचे, खोलीच्या बाजूने नळांत हवा सोडून आतले पाणी बाहेर ढकलायचे, आणि एकेक तोंड कोरडे झाले की त्याला बूच लावायचे. आमच्या गावात ज्यांच्याकडे पूल आहेत ते सगळे हे घरच्या घरी करतात.

आमच्याकडे हे काम रादोवान आणि मी करत आलो. तो खोलीत, मी पूलमध्ये शिडीवर. हवेसाठी तो घरातला जुना व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावत असे. त्याला सकाळभर लागे. एक तोंड कोरडे झाले की मी हात वर करायचा, बूच पिळून बसवायचे आणि पुढच्या तोंडाशी जायचे. शेवटचे तोंड मात्र तसे लावायचे नाही. रादोवान व्हॅक्यूम क्लीनर बंद करी, आवाज थांबे, मग मी शेवटचे बूच बसवत असे. दर वर्षी हे असेच झाले आहे.

या वर्षी दोन गोष्टी वेगळ्या होत्या. व्हॅक्यूम क्लीनर वसंतातच जळाला, कारण मी त्याने शेगडीची राख ओढली. आणि पिळून बसवायची बुचे मागच्या हिवाळ्यात तडकली होती. दुकानात त्या मापाची नव्हती. पुढच्या आठवड्यात येतील असे दुकानदार म्हणाला, पण रविवारी रात्री कडक थंडी पडेल असे रेडिओवर सांगत होते.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी न्याहारीनंतर लुबोश त्याच्या गाडीतून आला. त्याची द्राक्षतोडणी संपली होती. तो तळघरातला कॉम्प्रेसर घेऊन आला होता. वाईन एका पिंपातून दुसऱ्यात घेतल्यावर तो या कॉम्प्रेसरने नळ्या फुंकून साफ करतो. सोबत त्याने पिंपांची रबरी बुचे आणि ती ठोकायची लाकडी मोगरी आणली होती. पिंपाचे बूच आमच्या पूलच्या तोंडात बरोबर बसते, हे त्याने आदल्या दिवशी येऊन पाहिले होते.

सासूबाईंनी सर्वांना प्लमची दारू दिली. त्यांच्याकडे कामाला आलेल्या माणसाला ती देतातच, मग तो पोटचा मुलगा का असेना. लुबोश एक लहान पेला प्यायला. रादोवानने अर्धा ठेवला. मी घेतली नाही. कोणीही नशेत नव्हते. हे मला मागच्या वेळी तीनदा विचारले गेले होते, म्हणून आधीच सांगते.

कॉम्प्रेसर गाडीतून उतरवताना दोघे भावांमध्ये बोलणे झाले ते असे.

रादोवान म्हणाला, “अरे, हे काय आणलंस? माझा पूल फुंकायचाय, चर्च उडवायचं नाहीये.”

लुबोश म्हणाला, “तुझ्या त्या झाडूवाल्या मशीनने फुंकत बसलास तर नोव्हेंबरातल्या मार्टिनच्या सणाचा हंस इथंच पूलवर बसून खावा लागेल. धर तिकडून. आणि पाठ वाकवू नकोस, म्हातारा झालायस.”

“म्हातारा तुझा भाऊ.”

“तेच तर म्हणतोय.”

खोलीत गेल्यावर रादोवानने दाबाबद्दल विचारले. मी दारात उभी होते. तो म्हणाला, “याला दाब कमी करायचं काही नाही का?” लुबोश म्हणाला, “कशाला? एक तोंड उघडं असेपर्यंत दाब साठतो कुठं? तळघरात मी रोज फुंकतो. या टोकानं हवा आली, त्या टोकानं गेली.” रादोवानने मान हलवली. नळी पंपाला जोडून तो म्हणाला, “मी हवेच्या तोटीपाशी उभा राहतो. हळूहळूच सोडेन.” मला वाटते की लुबोश म्हणाला ते खरेच होते, आणि एक तोंड उघडे असेपर्यंत ते खरेच राहिले असते.

मग रादोवान मला म्हणाला, “रेनाता, नेहमीसारखंच. दोन लावायची, तिसरं ठेवायचं. आवाज थांबला की तिसरं.”

हे वाक्य माझ्याशिवाय कोणी ऐकलेले नाही. लुबोश तेव्हा गाडीकडे गेला होता. हे सांगावे की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला. हे वाक्य मला सोयीचे आहे, आणि ते बोलणारा आता नाही. पण ते वगळले तर पुढचे काहीच समजणार नाही. याला दुसरा पुरावा नाही, अशी नोंद घ्यावी.

मी शिडीवरून पूलमध्ये उतरले. पाणी गुडघ्यापर्यंत होते. पायांत रबरी बूट, हातात रबरी हातमोजे. लुबोशने काठावरून मला बुचे आणि मोगरी दिली. तो म्हणाला, “वहिनी, पिंपाला ठोकतो तसं ठोकायचं. भीत भीत मारलंस तर ते उडून तुझ्याच नाकावर येईल. नववी ‘ब’ मधल्या पोरांची आठवण काढ आणि हाण.” मी हसले.

कॉम्प्रेसर सुरू झाला. त्याचा आवाज व्हॅक्यूम क्लीनरपेक्षा पुष्कळ मोठा होता. खोलीतून ओरडून बोललेले शब्द कळत नव्हते, आवाज तेवढा कळत होता. पहिल्या तोंडातून पाणी उसळून आले, मग फवारा, मग नुसती हवा. मी हातमोजा काढून हात धरला. हवा कोरडी होती. बूच लावून मोगरीने ठोकले. ते चांगले बसले. दुसऱ्या तोंडाचेही तसेच झाले.

तिसऱ्या तोंडात नळाचा खोलगट भाग येतो, तिथे पाणी साचलेले असते. ते एकदम माझ्या तोंडावर आणि मानेत आले. पाणी फार गार होते. मी ओरडले, “अरे, कमी कर! भिजले सगळी!” रादोवानने खोलीच्या दारातून डोके बाहेर काढले, मला पाहून हसला आणि आत गेला. त्याने हवेची तोटी कमी केली असावी, कारण लगेच हवा मंद झाली. पाणी थोडे थोडे गळत राहिले. मी थांबले. मग तेही थांबले.

इथून पुढचे मी जपून सांगते.

कॉम्प्रेसरचा आवाज थांबला.

मला नंतर सांगण्यात आले की या यंत्राला स्वतःची टाकी असते, ती भरली की मोटर आपोआप थांबते आणि रिकामी होऊ लागली की आपोआप सुरू होते. आवाज नसला तरी हवा येतच राहते. जोरात हवा सोडली असती तर टाकी भरलीच नसती आणि मोटर थांबली नसती. मी कमी करायला सांगितले म्हणून ती थांबली. लुबोशला हे यंत्र माहीत आहे. रादोवानला ते किती माहीत होते, ते मला सांगता येत नाही. मला माहीत नव्हते. मी भूगोल शिकवते. मुलांना हवेचा दाब शिकवते.

आवाज थांबल्यावर मी तिसरे बूच तोंडात घातले आणि मोगरीने ठोकले. तीनदा ठोकले असेन. घट्ट बसले. शेवटचे बूच मी ठोकले. लुबोशने नाही.

ठोकताना तोंडातून हवा येत होती का, असे मला निरीक्षकसाहेबांनी विचारले. येत असणार. मी हातमोजा पुन्हा घातला होता, कारण हात गारठला होता. यावेळी तो काढून पाहिला नाही. आवाज थांबला होता, म्हणून पाहायची गरज वाटली नाही.

त्यानंतर मी पूलच्या तळाशी साचलेली पाने जाळीने गोळा करू लागले. थोड्या वेळाने मोटर पुन्हा सुरू झाली. मला वाटले, आता तळाचा नळ फुंकायला घेतला. पूलच्या तळातून खोलीत येणारा हा वेगळा नळ आम्ही नेहमी सर्वांत शेवटी करतो. म्हणून मी वळूनही पाहिले नाही.

मोटरच्या आवाजात रादोवानने काहीतरी विचारले. मला त्यातला ‘उघडं’ एवढाच शब्द कळला. त्याला उत्तर लुबोशने दिले. तो गाडीपाशी रिकामी नळी गुंडाळत होता. तो ओरडून म्हणाला, “हो रे, हो! उघडंच आहे!” त्याच्या जागेवरून पूलमधली तोंडे दिसत नाहीत. मी तिथे नंतर उभी राहून पाहिले आहे. त्याने न पाहता उत्तर दिले, पण मी नेहमीसारखे केले असते तर ते बरोबरच ठरले असते. हे सांगितल्याने त्याच्यावर काही येणार असेल तर मला ते नको आहे. पण ऐकले ते ऐकले.

मला वाटले, ते तळाच्या नळाबद्दल बोलत आहेत. हा प्रश्न मला पूर्ण ऐकू आला असता तर मी ‘नाही’ म्हणाले असते.

सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या, “या आता! लसणाचं सूप गार होतंय, किती वेळ फुंकणार?” त्यावर लुबोश म्हणाला, “आलो, आई. शेवटचंच राहिलंय.”

मग मोठा आवाज झाला. खोलीच्या छपराच्या दोन फळ्या वर गेल्या. कॉम्प्रेसर त्यानंतरही चालू होता. लुबोश माझ्या आधी खोलीत पोहोचला. मला शिडी चढायला वेळ लागला, कारण बुटात पाणी गेले होते. मी दारापाशी गेले तेव्हा लुबोश म्हणाला, “वहिनी, तू आत येऊ नकोस. योहाना कुठंय? तिला शेजारी नेऊन ठेव.” योहाना सकाळपासून व्हायोलिनच्या तासाला गेली होती. मी आत गेले. फिल्टरचे झाकण भिंतीपाशी पडले होते, कडे तुटले होते. रादोवान फिल्टर आणि भिंत यांच्यामध्ये खाली होता. मी कॉम्प्रेसर बंद केला. बटण लाल रंगाचे आहे, मधोमध. ते तोपर्यंत मला माहीत नव्हते, पण लगेच सापडले.

त्याच्या जखमांविषयी डॉक्टरांचा अहवाल आहे. त्याहून अधिक मला काही सांगायचे नाही.

त्या रात्री इस्पितळाच्या व्हरांड्यात लुबोश माझ्या शेजारी बसला होता. तुमचे हवालदार चहा आणायला गेले होते. लुबोश हळू म्हणाला, “वहिनी, ऐक. शेवटचं बूच मी ठोकलं. तू कोरडे कपडे आणायला घरात गेली होतीस. भिजली होतीस ना? बास. एवढंच.”

मी म्हणाले, “मी घरात गेले नव्हते.”

तो म्हणाला, “गेली होतीस. मी पाहिलंय.”

“लुबोश.”

“योहानाचं कोण आहे? मी एकटा माणूस आहे. मला द्राक्षं आहेत, तीही या वर्षी झालीत. आता गप्प बस.” मग तो म्हणाला, “मी बघायला हवं होतं. उठून चार पावलं जाऊन बघायला हवं होतं.” काही वेळाने हवालदार चहा घेऊन आले आणि माझा जबाब घेतला. मी आठवत नाही म्हणाले. मी खोटे बोलले नाही, असे मी स्वतःला सांगत होते. लुबोशने ते वाक्य माझ्या ‘आठवत नाही’च्या जागेत नेऊन ठेवले, आणि मी ते ठेवू दिले.

विचारल्यावरून सांगते की हे सांगण्यासाठी माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. अंत्यविधीनंतर मी सासूबाईंना सर्व सांगितले. त्या पोळपाटावर कणीक लाटत होत्या, त्यांनी लाटणे थांबवले नाही. त्या म्हणाल्या, “दोघांतला एक गेला. दुसऱ्याचं काय करायचं हे मला विचारू नकोस, रेनाता. तू गेलीस तर पोरगी माझ्याकडे आहेच. तो गेला तर तो माझा पोरगा आहे. मी काही निवडत नाही. मला निवडायला लावू नका दोघं मिळून.” आज सकाळी मी ठाण्यात जाते म्हणाले, तेव्हा त्यांनी माझा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला.

योहानाला मी काल सांगितले. तिने विचारले, “तुला माहीत होतं का?” मी म्हणाले, नाही. तिने विचारले, “बाबांना?” मी म्हणाले, मला ठाऊक नाही. मग तिने पूल मातीने बुजवून टाकणार का असे विचारले. मी म्हणाले, अजून ठरवलेले नाही. तिला हवा असेल तर राहील. ती म्हणाली, तिलाही ठरवता येत नाही.

हा जबाब दिल्याने माझ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, हे निरीक्षकसाहेबांनी मला दोन वेळा समजावून सांगितले. मला ते समजले आहे.

माझी एक विनंती आहे. पंपाच्या खोलीला तुम्ही सील लावले आहे. पूलच्या भिंतीतले तिन्ही नळ कोरडे आहेत, त्यांची बुचे जागच्या जागी आहेत. पण तळाचा नळ राहिला आहे. त्यात पाणी आहे. रेडिओवर सांगितलेली कडक थंडी आली नाही; रात्री हलके दव गोठते, नळ फुटण्याइतके अजून नाही, पण महिनाअखेरीपर्यंत होईल. तो नळ तळाच्या काँक्रीटमधून जातो, फुटला तर सगळे उखडावे लागते. तो नळ फुंकायला दोन माणसे लागतात. एकाने यंत्रापाशी उभे राहायचे आणि एकाने पाण्यापाशी. पूलच्या मधोमध बुडबुडे आले की पाण्यापाशी असलेल्याने सांगायचे, आणि यंत्रापाशी असलेल्याने त्या नळाची तोटी मिटायची. आमच्या घरात हे काम माहीत असलेली आता दोनच माणसे आहेत. तपास संपेपर्यंत मी आणि लुबोशने भेटू नये असा आदेश आहे. सील उघडून, तुमच्या माणसासमक्ष, एका सकाळपुरती परवानगी मिळावी. त्याला यंत्रापाशी उभे राहू द्यावे. पाण्यापाशी मी उभी राहीन. कॉम्प्रेसर नको. मी नवीन व्हॅक्यूम क्लीनर घेतला आहे.

वरील जबाब निरीक्षक इवो पेशेक यांनी संगणकावर लिहून घेतला आणि मला सुरुवातीपासून वाचून दाखवला. मी तो स्वतःही वाचला. त्यात एक दुरुस्ती सांगितली. ‘कॉम्प्रेसर बंद झाल्यावर मी बूच ठोकले’ असे लिहिले गेले होते. तसे नाही. कॉम्प्रेसर चालू होता. त्याचा आवाज थांबला होता. साहेबांनी तेवढे बदलून शेजारी माझी सही घेतली. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.

रेनाता हुबाचकोवा